बाहेर ठेवलेली वाटी

लाडकी आई,

आमची वाटाडी पेरिझात बर्फावर टाच आपटून म्हणाली, "सांग कॉलेजवीर, इथं बुटांना काटे लागतील?" त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी म्हणालो, "कशाला? धावत जाईन!" ती म्हणाली, "धाव. खाली दगड तुझीच वाट बघतायत."

तेव्हापासून मी बर्फच बघतोय. निरभ्र रात्री तो दगड होतो, मग काटे आणि कुऱ्हाड हवीच. ढगाळ रात्री मात्र भिजलेल्या पिठासारखा राहतो. पाय मांडीपर्यंत जातो, कुठलंच सामान कामाला येत नाही. असं का गं होत असेल?

लाल गाय व्याली का? कॉलेज सोडल्याचा बाबांचा राग उतरला का? मी पोटभर जेवतो.

आज पेरिझात आणि मी, दोघंच एका दोरावर कड्याकडे निघणार होतो. महिनाभर याच दिवसाची वाट पाहिली. "बर्फ तू बघ, सामान तू ठरव," म्हणाली होती. पण रात्री बाहेर ठेवलेल्या वाटीतलं पाणी गोठलेलंच नाही.

ती अंगणातून ओरडतेय, "चल रे, नवरदेवा, किती नटशील?"

जातो, "आज नको" म्हणून सांगतो. दार ओढून घेतोय, चुलीची ऊब आत राहू दे.

तुझा लेक,
सामात