बाहुल्याच्या पोटातले बारा फटाके

शुक्रवार, २९ डिसेंबर

क्लेबेर, बाळा, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. मार्चमध्ये माझ्या वाढदिवसाला तू ही वही दिलीस आणि म्हणालास, बाबा, जिवाला घोर लागला की गल्लीभर सांगत फिरू नका, यात लिहा. नऊ महिने ती कपाटात पडून राहिली. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला कोऱ्या पानाचीही भीती वाटते. पण इथे फोन लागत नाही, लावायचा तर टेकडी चढावी लागते, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. रविवारी आलास की वाच.

सुट्टीचं घर छान आहे. दारं निळी, समुद्र शंभर पावलांवर. घराची राखण करणारी बाई, दोन्या सोइला, शेजारीच राहते. सूनबाईने, तुझ्या नार्सिसाने, आल्या आल्या झुले बांधले आणि तुझी लेक मैते तिच्या नऊ वर्षांना न शोभेल इतकी वाळूत लोळली. जेवायला माशाचं कांदा घातलेलं कालवण आणि तळलेली कच्ची केळी होती. मी दोन वाडगे संपवले. शहरात रोज दुखणारं तुमचं पोट आज कुठे गेलं, असं नार्सिसाने विचारलंच.

एकतीसला झोडपून जाळायचा तो जुन्या वर्षाचा बाहुला शिवून तयार आहे. तू सांगितलंस तसा तुझा तुरुंगातल्या पहारेकऱ्याचा जुना गणवेश त्याला चढवला. तो जाळायचा आणि दोन तारखेला राजीनामा द्यायचा, हा शब्द विसरू नकोस. आत लाकडाचा भुसा भरलाय. पोटात बारा फटाके, प्रत्येक महिन्याचा एक. शिवण माझी नेहमीची, दोरीच्या फुलीची. चाळीस वर्षं कोकोच्या वखारीत पोती शिवली, तसा टाका दुसऱ्या कुणाला जमत नाही. हातमोजे आणि कागदाच्या लगद्याचा मुखवटा लावून त्याला फाटकाजवळ खुर्चीत बसवलाय. मैते म्हणते, आता घरात दोन म्हातारे झाले, त्यातला एक कुरकुर करत नाही.

शनिवार, ३० डिसेंबर

सकाळी समुद्रावर गेलो. पाणी कोमट होतं. मी गुडघ्यांपर्यंतच गेलो, पण मैतेचा हात सोडला नाही.

दुपारी सोइलाचा रेडिओ ऐकला. शहरातल्या तुरुंगात दंगल झालीय. भिंत फोडून कैदी पळाले आणि काही पहारेकऱ्यांना ओलीस धरून घेऊन गेले. नावं सांगितली नाहीत. उद्यापासून संध्याकाळी सहानंतर संचारबंदी.

मी ताबडतोब नार्सिसाला म्हणालो, परत जाऊ. ती टेकडीवर जाऊन आली. तुझा निरोप होता, काल रात्रीचा. कामाची पाळी संपली, रविवारच्या बसने निघतो, बाहुल्यासाठी रडणाऱ्या विधवेचा काळा झगा मीच घालणार, दुसऱ्या कुणाला देऊ नका. ती हसत होती. मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. "बाबा, तुम्हाला स्वच्छ आभाळातही गिधाडं दिसतात. निदान पोरीसमोर तरी नको."

निघताना तूही हेच सांगितलं होतंस. मैतेला घाबरवणार नाही, असा शब्द मी दिलाय. पण निरोप कालचा होता आणि दंगल आजची. हे मी तिला बोललो नाही. इथे लिहितो.

रविवार, ३१ डिसेंबर, दुपार

मासळी घ्यायला धक्क्यावर गेलो होतो, तिघंही. परत आलो तर सोइला म्हणाली, पांढरी पिकअप येऊन गेली. चार माणसं होती, स्वतःला क्लेबेरचे सोबती म्हणवत होती. बियरची पेटी ठेवून गेली. सांगून गेली की क्लेबेर वेळेवर पोहोचेल, जाळायचा कार्यक्रम त्याच्यावाचून उरकू नका. गाणी म्हणत गेली म्हणे. नार्सिसाने सोइलाला मिठीच मारली. मलाही बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की थोडा वेळ झुल्यात झोप लागली.

तीन वाजता

संचारबंदीमुळे सगळं गाव चार वाजताच जाळणार आहे. तू अजून नाहीस. बस अडवल्या असतील, असं सोइला म्हणते.

बाहुला वाळूवर न्यायला गेलो तर उचलेना. परवा एका हाताने नेला होता. नार्सिसा म्हणाली, समुद्राची दमट हवा, भुशाने पाणी ओढलं. ते खरंच असतं, दर वर्षी थोडा जड होतो. पण हातमोज्याजवळची शिवण पाहिली. सरळ धाव टाका. माझा फुलीचा. मी विचारलं, तू शिवलंस का? ती म्हणाली, मैतेने उसवलं असेल, सोइलाने घातले असतील चार टाके. मैते म्हणाली, मी नाही.

मुखवटा तारेने आवळलेला होता. मी दोरीने बांधला होता.

सोडून बघावा असं वाटलं. वाटलं, पण मैते समोर उभी होती आणि मी शब्द दिलेला. एकदा तरी शहाण्यासारखं वागावं म्हणून तार तशीच ठेवली. खुर्चीसकट चौघांनी ओढत नेला. वाळूत चाकोरी पडली.

पाच वाजून गेले

अक्षर लागलं नाही तर —

तू आला नाहीस म्हणून काळा झगा नार्सिसानेच घातला. बाहुल्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडण्याचं सोंग केलं. माझा नवरा चालला, आता मला कोण पोसणार. लोक हसले. मीही हसलो.

पहिला फटका घरातल्या थोरल्याचा. काठी माझ्या हातात दिली. बाळा, मी त्या गणवेशाला मारत होतो. त्या नोकरीला. वर्षभर ज्या भीतीने झोपू दिलं नाही तिला. सात फटके मोजले. डोक्यावर. आतून आवाज आला, ओल्या पोत्यातून येतो तसा. मैते म्हणाली, आजोबा, तो कण्हतोय. लोक आणखी हसले. आठवा मारला.

रॉकेल सोइलाने ओतलं. काडी मी —

खुर्ची उलटली. तो पायांनी वाळू खणत होता. कुणीतरी म्हणालं, फटाके आहेत, फटाक्यांनी उडतोय. पण फटाके वाजले नाहीत. मी वाट बघत होतो. एकही वाजला नाही.

मग मुखवटा जळून पडला. तोंडाला पट्टी होती, ती सुटली. समोरचा दात अर्धा तुटलेला —

वाळू टाकली, पाणी आणलं, हातांनी विझवलं. नार्सिसाचे हात —

सहा

संचारबंदी लागली. डॉक्टर येणार नाही. पोलीस येणार नाहीत. सोइलाने चादर टाकलीय. नार्सिसा चादरीजवळ बसलीय, झगा तसाच. आता सोंग नाही.

मैतेला विहिरीमागे बाहुला सापडला. नागडा, कपडे काढलेला. फुलीचे टाके. पोट मी उसवलं. बारा. बाराच्या बारा, कोरडे.

तुटका दात पुष्कळांचा असतो. तू पेरूच्या झाडावरून पडलास तसे पुष्कळ पडतात. चेहरा कुठे ओळखू येतो. मी सोइलाला तेच सांगितलं. दुसरा कुणी असेल. कुणाचाही मुलगा असेल. तू बसमध्ये आहेस. बस अडवल्यात.

क्लेबेर, जिथे असशील तिथून कळव. एक शब्द. टेकडी मी चढतो, गुडघे गेले तरी चालतील. पण लवकर कळव, नार्सिसा आता चादर उचल —