बाराव्या पायरीवर

४ सप्टेंबर

एन्जायना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं. हृदयाला रक्त कमी पोचतं, म्हणून चढण आली की छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं. थांबलं की जातं. रोजच्या गोळ्या तीन. शिवाय जिभेखाली धरायची एक — दुखलं की आधी बसायचं, मग धरायची. पाच मिनिटांत थांबलं नाही तर अॅम्ब्युलन्स. सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालायचं. आणि अँजिओग्राफी — नळी घालून आत बघायचं.

बाकी सगळं कबूल. नळी नाही! चाळीस वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त करतोय. बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मुठीला कान लावायचा — न उघडता सांगतो काय गेलंय. मलाही कोणी उघडायचं नाही.

ही म्हणाली, "मग स्वतःला लावा की तो स्क्रूड्रायव्हर."

७ सप्टेंबर

सिगारेटशिवाय तिसरा दिवस. चहासुद्धा शत्रू वाटतो. फोरमन म्हणतो, "मालक, तुम्ही ओढा एखादी. आम्हाला तरी शांतता मिळेल."

११ सप्टेंबर

मेहुणा आला, लसणाची पिशवी घेऊन. "दाजी, चार पाकळ्या उपाशीपोटी. गोळ्यांची गरजच नाही." स्वतः तीन जिने चढून आल्यावर दहा मिनिटं बोलता येत नव्हतं त्याला. तरी म्हटलं, बघू चालवून. गोळ्या बंद, लसूण चालू. हिला सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

चालवून बघितलं. वर्कशॉपचं शटर वर ढकलताना पोतं आलं, दोन पोती आली. खोक्यावर बसलो, गोळी जिभेखाली. चार मिनिटांत उतरलं, वर डोकं ठणकायला लागलं. फोरमन लांबूनच म्हणाला, "दुखणं वासानंच पळालं असेल."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "लसूण भाजीत घाला हवा तेवढा. गोळ्या पुन्हा मनानं बंद करणार असाल तर दुसरा डॉक्टर शोधा." आवडली आपल्याला बाई. मग नळीचं विचारलं. नाही म्हणून आलो.

उरलेला लसूण ही खाते. फुकट जायला नको म्हणे.

२० सप्टेंबर

गोळ्या लागू पडल्यात. सपाटीवर अर्धा तास चालतो, जिनाही हळूहळू एका दमात चढतो. पण हिचं नवंच खूळ. बाजारातून येताना माझ्या मागे दोन पायऱ्या सोडून चढते आणि मध्येच थांबते. ती थांबली की मलाही थांबावं लागतं. आज दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीनं दार उघडलं. "काय काका, दमलात?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "यांच्यासाठी थांबलोय."

वर आल्यावर म्हटलं, "म्हातारा करून टाकलंस मला, जाहीर." ही पाणी प्यायली.

२६ सप्टेंबर

मुलीचा फोन. "बाबा, ती टेस्ट करून घ्या, नाहीतर वर्कशॉप बंद करा." मी म्हटलं, बंद पडेन तेव्हा करीन. ही शेजारूनच, "ऐका ना अहो तिचं." मी म्हटलं, तू जिन्यात थांबायचं सोड, मग बघू.

पाठीला मलम लावून मागितलं हिनं. बादली उचलताना उसण भरली म्हणे. लावून दिलं, पण अबोला धरून.

१ ऑक्टोबर

कारखान्याचा एक पंप आलाय, मोटारीला जोडलेला. आत खरखर. फोरमन म्हणे मोटार गेली. मी म्हटलं, जोड सोड, नुसती मोटार फिरव. फिरवली — लोण्यासारखी. खरखर पंपाची होती. दोघं एकत्र चालत असताना आवाज कोणाचा ते कळत नाही, एकाला थांबवायचं आणि दुसऱ्याला ऐकायचं. चाळीस वर्षं हेच शिकवतोय सगळ्यांना.

३ ऑक्टोबर, सकाळ

आज मुद्दाम पुढे निघून आलो. ही खाली दुकानदाराशी बोलत होती. वर पोचलो, दम नाही, दुखणं नाही. ऐटीत दारात उभा राहिलो, हिला दाखवायला.

खालून तिच्या चपला ऐकू आल्या. पहिला मजला. मग दहा, अकरा, बारा — थांबल्या. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. थांबायला मी नव्हतो. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. श्वास तुटक, वरपर्यंत ऐकू येत होता. बराच वेळ. मग नऊ पायऱ्या. पुन्हा थांबल्या.

मी खाली उतरलो. कठड्याला धरून उभी होती, दुसरा हात पाठीमागे.

"किती दिवस?"

"उसण आहे. सांगितलं ना."

"किती दिवस?"

पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्या आधीपासून."

३ ऑक्टोबर, दुपार

डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसून लिहितोय. नंबर हिचा आहे. म्हणते, तुम्ही नळी घालून घेणार असाल तरच आत जाईन.

कबूल केलं. आत गेली.