जड असेल तेच घे

बाबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि मी आत्ता तुमच्यावर चिडले आहे. नातीला तुम्ही पाहिलंही नाहीत. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ड्रॉइंग्जपुढे घरातल्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा आम्ही दोघी मुलुंडहून घाटकोपरला नवा जोडून घ्यायला गेलो. जोडून घ्यायचा म्हणजे एकेक भाग निवडायचा, आणि त्या निवडीने माझं डोकं उठलं. हा प्रोसेसर घेतला तर तो मदरबोर्ड चालत नाही, ग्राफिक्स कार्ड लांब असलं तर कॅबिनेटमध्ये मावत नाही, आणि रॅमलासुद्धा आता रंगीत दिवे असतात. कॉम्प्युटर आहे की गणपतीची आरास, असं मी विचारलं तर लेक म्हणाली, आई, तू फक्त गप्प उभी राहा.

राहिले. पण पॉवर सप्लायची वेळ आली तेव्हा मला राहवेना. सगळ्या भागांना वीज पुरवणारा लोखंडी डबा तो. जन्मभर कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळलेल्या माणसाची मुलगी मी, एवढं तरी मला कळणारच ना. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक लेकीने महिनाभर वाचून ठरवलेला, दुसरा कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. मी दोन्ही हातांत एकेक घेतला, डोळे मिटले आणि तोलून पाहिले, अगदी तुमच्यासारखं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वजनावर काय घेताय, कांदे आहेत काय?" लेकीने मान खाली घातली. मला राग आला आणि मी हट्टाने तो दुसराच, जड होता म्हणून, घ्यायला लावला.

सबमिशनला चार दिवस असताना, दुपारी आम्ही जेवत होतो तेव्हा फट्ट आवाज झाला आणि घरभर जळक्या वार्निशचा वास सुटला. पॉवर सप्लायने जाताना मदरबोर्ड नेला, डिस्क नेली, डिस्कवरची ड्रॉइंग्ज नेली. दुसरीकडे ठेवलेली प्रत महिनाभर जुनी होती. पोरीने कॉलेजमध्ये बसून जमेल तेवढं पुन्हा काढलं, पण पुरं झालं नाही आणि तिचं अख्खं सत्र गेलं. ती माझ्यावर ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आई, तू तोच का घेतलास?"

"आजोबांनी शिकवलं होतं," मी म्हणाले. "जड असेल तेच घे."

दुरुस्तीवाल्याने डबा उघडला तर आत एका बाजूला सिमेंटची लादी चिकटवलेली, कशालाही न जोडलेली. वजनावर घेणाऱ्यांसाठीच टाकतात हे, असं तो म्हणाला. तेव्हापासून मी तुमच्याशी मनात भांडते आहे. एवढं ठासून कशाला शिकवायचं माणसाने? काळ बदलेल, लबाड लोक भेटतील, हे तुमच्या डोक्यात आलं नव्हतं का?

आणि भांडता भांडता परवा ती दुपार पुरती आठवली. भांडुपचा तुमचा कारखाना, मी दहा वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून तुमचा जेवणाचा डबा घेऊन आलेय. तुम्ही माझ्या दोन्ही तळहातांवर एकेक ट्रान्सफॉर्मर ठेवता आणि विचारता, जड कुठला? मी उजवा हात पुढे करते. बरोबर, तांबं जास्त म्हणून जड, जड असेल तेच घ्यायचं, असं तुम्ही सांगता. माझं लक्ष खाली खेळायला जाण्याकडे. मी निघते तेवढ्यात तुम्ही मनगट धरता. "थांब. आता उघडून बघ. आत भलतंच कोंबून वजन वाढवणारे बहाद्दर पुष्कळ आहेत." मी म्हणते, तुम्हीच तर म्हणालात जड ते चांगलं. तेव्हा चार माणसांदेखत तुम्ही म्हणता, "अर्धं ऐकून पळायची खोड आहे तुझी. नडेल एक दिवस." मी रडत घरी गेले आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

दुकानात सील तोडू दिलं नसतं, हे खरं. पण घरी आणल्यावर चार स्क्रू काढायचे होते फक्त.

लेक हल्ली काहीही विकत घेताना हसून म्हणते, आजोबांचा सल्ला नको हं. मीही हसते. तुम्ही पुढे काय म्हणाला होतात, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणून हा कागद तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून देतेय.