छताला दिलेले सात ठोके

मी, प्यो जोंग-दे, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार घर क्रमांक ७०४, इमारत १०३, सोलबित वसाहत, बुप्योंग, इंचॉन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, जेवणाच्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायलासुद्धा कोणी येत नाही. डोके ठिकाणावर आहे. कान तर नको इतके ठिकाणावर आहेत. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे मीच फाडून टाकली, तेव्हा ती रद्द समजावीत. आमच्या कायद्याप्रमाणे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे, कारण हेही मी फाडीन अशी मला भीती वाटते.

कलम १. माझी ऐकायची सळई. मी एकतीस वर्षे शिलाई यंत्रांच्या कारखान्यात शेवटच्या खोलीत काम केले. तयार यंत्र माझ्यापुढे यायचे, मी ही पोलादी सळई त्याला टेकवून दुसरे टोक कानाला लावायचो आणि दोष कुठे आहे ते सांगायचो. चांगले चालणाऱ्या यंत्राबद्दल मला कधी कोणी काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. निवृत्त झालो तेव्हा कारखान्याने ही सळई मला भेट दिली. तिथेच चूक झाली. घरी यंत्रे नव्हती, माणसे होती. सळई कोणालाही देऊ नये. भंगारात टाकावी.

कलम २. माझा पुतण्या प्यो ब्योंग-चोल याला माझे मनगटी घड्याळ आणि हिवाळी कोट द्यावा. तो बसल्या जागी पाय हलवतो. माझ्या बायकोच्या अंत्यविधीच्या तीन दिवसांत त्याने एकदाही पाय स्थिर ठेवला नाही, टेबलावरची सोजू दारूची बाटली सारखी थरथरत होती. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "एवढी घाई असेल तर जा की!" तो गेला. नंतर कळले, लहानपणापासून तो माझ्यासमोर बसला की पाय हलवायचा, बाकी कुठे नाही. घड्याळ जरा पुढे जाते, हे त्याला सांगावे.

कलम ३. माझी बायको माल-सुन हिचा चमचा ओट्याच्या दुसऱ्या खणात आहे. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती मुळ्याच्या फोडींचे किमची खायची तेव्हा कुडुमकुडुम आवाज व्हायचा. मुळा आहे, आवाज होणारच. मी चॉपस्टिक खाली ठेवायचो आणि तिच्याकडे बघत राहायचो. बोलायचो नाही. बोललो असतो तर तिने उलटून काहीतरी ऐकवले असते, ती तशी तोंडाची फटकळ होती. शेवटच्या चार वर्षांत तिने मुळा बारीक किसायला घेतला. मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवायला लागली. मी म्हटले, "बसून का जेवत नाहीस?" ती म्हणाली, "बसले की तुमचे कान जेवायला बसतात." तिला जाऊन नऊ वर्षे झाली. तिचा चमचा माझ्याबरोबर जाळावा. परवानगी नसेल तर माझ्या अस्थींच्या कलशाशेजारी ठेवावा. तिच्याशेजारी ठेवू नये, तिला शांत राहू द्यावे.

कलम ४. पलंगाखालच्या खोक्यात मी आजवर चिकटवलेल्या सूचनांच्या प्रती आहेत. लिफ्टमध्ये फोनवर बोलू नये. ओली छत्री झटकू नये. घसा खाकरताना दार लावावे. जिन्यात चपला फरफटवू नयेत. दुसऱ्याच्या दारापुढे सायकल लावू नये. प्रत्येक सूचनेखाली मी 'एक रहिवासी' अशी सही करायचो आणि सगळ्या वसाहतीला तो रहिवासी कोण ते ठाऊक होते. पोरे मला 'एक आजोबा' म्हणायची. एकाही सूचनेत मी चुकीचे काही लिहिलेले नाही. प्रती रद्दीत घालाव्यात, कागद निळ्या पिशवीत, टाचण्या काढून.

कलम ५. जिच्यासाठी हे मृत्युपत्र आहे, ती गोष्ट आता लिहितो. माझ्या डोक्यावरच्या ८०४ मध्ये दहा वर्षांपूर्वी एक आजी एकट्या राहायला आल्या. रिवाजाप्रमाणे त्यांनी नव्या घराच्या तांदळाच्या वड्या वाटल्या, लाल घेवड्याचा थर दिलेल्या, अजून वाफ येत होती. माल-सुन तेव्हा होती. ती म्हणाली, "बशी रिकामी द्यायची नसते. चार पर्सिमनची फळं घालते." मी ती बशी तिच्या हातातून घेतली, धुतली, पुसली आणि रिकामी नेऊन दिली. रिकामी म्हणजे अगदी रिकामी नव्हे, आत चिठ्ठी होती: 'चालताना टाचा आपटू नयेत.' दुसऱ्या दिवशी वर कोणीतरी जाड मोजे घालून चालू लागले. मला तेही ऐकू यायचे.

आमच्याकडे वरच्या घराचा आवाज झाला तर वर जाऊन भांडायचे नसते. फाटकापाशी वॉचमनची खोली असते, त्याला इंटरकॉम लावायचा, मग तो वरच्या घरी इंटरकॉम लावून नम्रपणे सांगतो. वॉचमन कू पिल-सू याने ८०४ ला माझ्यासाठी इतक्यांदा फोन केला की आजी आवाज ओळखून आधीच म्हणायच्या, "हो हो, बसते मी." तक्रार ऐकूनही आवाज थांबला नाही, तर लोक रबरी हातोडा घेतात आणि छतावर ठोकतात. हा कायदा नव्हे, पण रबरी हातोडा दुकानात मिळतो आणि तो कशासाठी घेतलाय हे दुकानदार विचारत नाही. माझा हातोडा चपलांच्या कपाटात आहे. तो वॉचमन कू याने ताब्यात घ्यावा आणि कोणाच्याही हाती पडणार नाही असे करावे.

कलम ६. १४ नोव्हेंबर २०१७, दुपार. वरून ठोके येऊ लागले. मी सळई छताला लावून ऐकले. टाच नव्हती. लाकूडही नव्हते. बांबू होता, हलका, पोकळ, आणि तो जमिनीलगत एकाच जागी आपटत होता. पाठ खाजवायची बांबूची काठी, जिला आमच्याकडे 'गुणी लेकाचा हात' म्हणतात, ती प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी असते, माझ्याही आहे. एवढे सगळे मला कळले. बाकी काही कळले नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मी कूला इंटरकॉम लावला. तो म्हणाला, "साहेब, वरच्या घरी कोणी उचलत नाही. आजी बाहेर गेल्या असतील."

मी म्हणालो, "बाहेर गेल्या तर ठोकतंय कोण? भूत?"

"मग काय करू, साहेब? वर जायची आम्हाला परवानगी नाही, तुम्हीच समितीत तसा नियम करून घेतलात ना."

हे खरे आहे. वॉचमन दारावर थाप मारतो तेव्हा फार जोरात मारतो, म्हणून तो नियम मीच आणला होता.

मग मी हातोडा घेतला आणि छतावर तीन ठोके दिले. वर क्षणभर शांतता झाली. मग वरून तीन ठोके आले. मला वाटले, म्हातारी मला वेडावते आहे. मी चार दिले. चार आले, आधीपेक्षा भराभर. मी म्हणालो, "बघतोच तुला!" आणि हातोडा ठेवून दार-खिडक्या लावून बसलो, कारण अशा माणसाला उत्तर न देणे हीच शिक्षा असते. ठोके बराच वेळ येत होते. चार-चारचे. मग दोन-दोनचे. चारच्या सुमाराला थांबले. मी जिंकलो असे समजून जवाचा चहा केला आणि सावकाश प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींची मुलगी सुवॉनहून आली. आजी स्वयंपाकघरात पडल्या होत्या, खुबा मोडला होता, हातात बांबूची काठी होती. डॉक्टरांनी सांगितले की संध्याकाळपर्यंत त्या जिवंत असाव्यात. दारावर लावलेल्या निधनाच्या कागदावर मी त्यांचे नाव पहिल्यांदा वाचले: पेंग गुम-रे. तोवर त्या माझ्यासाठी ८०४ होत्या.

त्यांनी मला वेडावले नव्हते. खालून उत्तर आले, म्हणजे कोणीतरी ऐकले, आता कोणीतरी येतोय, असे समजून त्या ठोकत होत्या. ती भराभर आलेली चार ठोक्यांची खेप आनंदाची होती. हे मला तिसऱ्या दिवशी कळले, चहा ढवळताना, आणि त्यानंतर मला दुसरे काही ऐकू आलेले नाही.

कलम ७. मुलीचे नाव मो यून-जू. कूच्या नोंदवहीत तिला एक ओळ सापडली: '१३.१०, घर ७०४, ८०४ मध्ये आवाज होत असल्याचे कळवले.' ती माझ्या दारात आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "काका, सबंध इमारतीत एक तुम्हीच कळवलंत. तुमचे उपकार कसे फेडू?" मी दारात उभा होतो. हातोडा माझ्या मागे कपाटात होता. मी म्हणालो, "अहो, शेजारधर्म आहे."

तेव्हापासून दरवर्षी आईच्या श्राद्धाच्या दिवशी दुपारी ती पुजलेल्या ताटातली मुगाची धिरडी बशीत घालून आणते. चपला नीट दाराकडे तोंड करून ठेवते. फोन पर्समध्ये घालते. हळू बोलते, आवाज न करता चहा पिते. आयुष्यभर मला हवा होता तसा माणूस वर्षातून एकदा माझ्या घरी येतो आणि माझा जीव जातो. गेल्या वर्षी तिने विचारले, "आईला शेवटी कोणी ऐकतंय असं वाटलं असेल का हो?" मी म्हणालो, "धिरडी छान झालीत."

कलम ८. घर क्रमांक ७०४, त्यातील सामान आणि बँकेत जे काही असेल ते मी मो यून-जू हिला देतो. मात्र आधी तिला कलम ६ वाचून दाखवावे आणि मग घ्यायचे का ते विचारावे. घरात राहायचे असेल तर तिने वाटेल तसे राहावे. टाचा आपटाव्यात, मुळा खावा, रेडिओ लावावा. तिने नको म्हटले तर सगळे ब्योंग-चोलला जावे आणि त्याने इथे बसून खुशाल पाय हलवावा. मी तिच्याकडे माफी मागत नाही. मागितली तर ती देईल, तशीच बाई आहे ती, आणि मग मी काय करू?

कलम ९. इथवर लिहून झाल्यावर मी कूला वर बोलावले, साक्षीदार म्हणून. त्याने सगळे वाचले. आता तो सत्तरीचा आहे, पुढच्या वर्षी त्याला कामावरून काढतील. वाचताना तो कागदाची कड नखाने खरवडत होता आणि मी त्याला काही बोललो नाही.

तो म्हणाला, "साहेब, कशाला उकरून काढताय? बिचारी दरवर्षी इथून बरं वाटून जाते."

"मी मेल्यावर वाचतील. तेव्हा मला काय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा खालूनच ठोकणार तुम्ही! वर जाणार नाहीच. सांगायचं तर तोंडानं सांगा, नाहीतर फाडा ते."

तो बरोबर बोलला, आणि तोही त्या दिवशी वर गेला नाही हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

कलम १०. म्हणून 'माझ्या मृत्यूनंतर उघडावे' ही पाकिटावरची ओळ मी खोडली आहे. उद्या चौदा तारीख आहे. यून-जूची गेल्या वर्षीची बशी माझ्याकडेच आहे, घासून ठेवलेली. उद्या ती आली की त्या बशीत हा कागद ठेवून मी तिच्या हातात देईन आणि ती वाचून होईपर्यंत तिच्यासमोर बसेन. तिने काय करावे हे मी सुचवत नाही. आयुष्यभर सूचनाच दिल्या. ती ओरडली तर ओरडू द्यावे, कोणी इंटरकॉम लावू नये. त्यानंतर माझ्या दाराशी कोणी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसते आहे. इथे अगदी शांत होईल.

वरील मजकूर मी शब्दन् शब्द स्वतः लिहिला असून खाली नाव घालून शिक्का उमटवला आहे.

प्यो जोंग-दे (शिक्का)

साक्षीदार १: कू पिल-सू, वॉचमन, इमारत १०३. (सहीखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: 'नोंद मी केली होती. वर मी गेलो नाही.')

साक्षीदार २: श्रीमती योम हे-जिन, घर क्रमांक ६०४. माझ्या चालायच्या काठीच्या आवाजाबद्दल यांनी दोनदा तक्रार केलेली आहे.

स्थळ: बुप्योंग, इंचॉन
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२३, दुपारी एक वाजून दहा मिनिटे