गप्प म्हणजे बंद

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (आज ते दातओठ खाऊन दिलेत, तसेच घे.)

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तू इलेक्ट्रिक गाडी घेतलीस हे मला तुझ्या वहिनीकडून कळलं. सख्ख्या भावाचं गॅरेज आहे, बत्तीस वर्षं तो गावाच्या गाड्या दुरुस्त करतोय, आणि त्याला ही बातमी बायको कपडे वाळत घालता घालता सांगते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोबत पेपरातल्या तंत्रज्ञानाच्या पानाची सात कात्रणं आहेत. लाल रेघा माझ्या. एकात उभ्या गाडीने पेट घेतलाय. दुसऱ्यात एकाच्या गाडीत कंपनीने परस्पर काहीतरी नवं भरलं आणि बिचाऱ्याला वायपर कुठून लावायचे तेच सापडेना, पावसात खिडकीतून मान काढून घरी आला. पाचवं नीट वाच. त्यात लिहिलंय की थोड्याच वर्षांत इंजिन नावाची वस्तू उरणार नाही. म्हणजे मीही उरणार नाही, पण ते छापायला त्यांच्याकडे जागा नसावी.

तुझी जुनी गाडी वळणावर आली की मला आवाजावरून कळायचं, आज हिचा पट्टा किरकिरतोय, आज सायलेन्सर फुटलाय. तू पोहोचायच्या आत मी पाना काढून ठेवलेला असायचा. या नव्या डब्याचं मी काय ऐकू, सांग. बाबांना सांगितलं तर ते खुर्चीतून न उठता म्हणाले की ती पहिल्यापासूनच आगाऊ आहे. एरवी मी तुझी बाजू घेतो. या वेळी घेतली नाही.

तुझ्यावर माया आहेच, ती आटावी म्हणून तूच झटतेस.
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (वाकून, पण मान ताठ ठेवून.)

तुझी सात कात्रणं पोहोचली. माझी नऊ पाठवतेय, हिरव्या रेघांची. मोजून घे, दोन जास्त आहेत.

मी दिवसाला अकरा घरं करते. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. टेकडीवरच्या घरात फुप्फुसाच्या आजाराच्या एक बाई आहेत. माझी जुनी गाडी दाराशी थांबली की धुराने त्यांना जो खोकला लागायचा तो मी निघेपर्यंत थांबत नसे. म्हणजे नर्स यायची आणि आजार वाढवून जायची. गेला महिनाभर नवी गाडी नेतेय, आणि त्या खोकत नाहीत. मला एवढं कारण पुरलं. तुला पुरत नसेल तर तो तुझा प्रश्न.

आणि तुला विचारलं नाही म्हणून एवढा फणकारा? त्या गॅरेजमध्ये मला कधी कुणी काही विचारलं? दहा वर्षांची होते तेव्हा डोळे मिटून सगळे पाने नंबरवार लावायचे. पण सीटवर बसायचास तू. बाबा बॉनेटखाली वाकून विचारायचे, गप्प का, आणि तू किल्ली फिरवून सांगायचास, गप्प. गप्प म्हणजे इंजिन बंद, आता खुशाल हात घाला. तो शब्द कानावर आल्याशिवाय बाबा आत बोटही घालत नसत. मी एकदाच म्हटलं होतं की आज मी बसते. तेव्हा बाबा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते की मुलीच्या शब्दावर मी माझे हात पणाला लावणार नाही. सगळे हसले. तूही हसलास, दादा. आज परकी माणसं माझ्या शब्दावर दंड पुढे करतात, आणि मी अजून ते हसणं विसरलेले नाही.

सोमवारी गाडी घेऊन येतेय. आधी बघ, हात लाव, मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे.

राग ओसरला तर तुझी, नाही ओसरला तरी तुझीच,
धाकटी

२१ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तुम्हा दोघांच्या भांडणात मी पडत नाही, पण आता गप्प बसवत नाही.

यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं. डॉक्टर म्हणतात जखम भरेल, पेला धरता येईल, बटण लावता येईल, पण पान्यावर जोर देता येणार नाही. म्हणजे नेमकं जे यांना येतं तेवढंच जमणार नाही. गॅरेज त्या दिवसापासून बंद आहे. आत दोन गाड्या अर्धवट उघडलेल्या पडल्यात, आणि त्यांचे मालक रोज दारावरून चकरा मारून जातात.

मी तेव्हा घरात होते. मला एवढंच कळलं की तुम्ही गाडी लोखंडी टेबलाच्या समोर आणून उभी केलीत, हे टेबलाच्या कडेला हात टेकून बंपरखाली वाकले, आणि गाडी वीतभर पुढे सरकली. हात टेबल आणि बंपरच्या मध्ये सापडला. हे सगळ्यांना सांगतात की गाडी आपोआप सरकली. पेपरवाला आला होता, त्यालाही तेच सांगितलं. त्याच तंत्रज्ञानाच्या पानावर हातभर मथळा आलाय, तुम्ही पाहिला असेलच. बाबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पेपर उघडून दाखवतात.

मला एका गोष्टीचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही दुनियेच्या जखमा बांधत फिरता. सख्ख्या भावाचा हात बांधायची वेळ आली तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमधून न सांगता निघून गेलात. फोनही नाही. यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात. सीटवर तुम्ही होतात ना? मग नक्की काय झालं, ते मला कुणी सांगेल का?

लोभ राहू द्या. माझ्याकडून तो सध्या ओढूनताणून आहे.
तुमची वहिनी

२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (नमस्कार वयाला.)

हात कसा आहे ते वहिनीकडून कळतं, म्हणून विचारत नाही. तू मला विचारायचा हक्क ठेवलाच नाहीस. हॉस्पिटलच्या बाकावर रक्ताने भिजलेला हात उराशी धरून मला म्हणालास की तुझा डबा उचल आणि आत्ताच्या आत्ता चालती हो, पुन्हा दिसू नकोस. मी चालती झाले. वहिनीला तू हे सांगितलं नाहीस. तिच्या लेखी मी पळपुटी. राहू दे.

पण पेपरात जे छापून आणलंस ते मी राहू देणार नाही. तुझ्या त्या आपोआप सरकलेल्या गाडीने माझं काय केलंय ते ऐक. टेकडीवरच्या बाईंच्या मुलाने गाडी अंगणात लावायला मनाई केलीय. सगळी पेटी खांद्यावर घेऊन मी चढ चढते. आणखी तीन घरांनी दुसरी नर्स मागितली. ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं की चौकशी होईपर्यंत ही गाडी कामावर आणायची नाही. एक आजोबा तर मला सुई लावू देईनात, जसं काही मीसुद्धा आपोआप पुढे सरकेन.

म्हणून गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. या गाड्यांत प्रत्येक क्षणाची नोंद राहते, हे तुझ्या कात्रणांत नसेल. त्यांनी ती काढून दिली. गाडी चालू होती. गिअरचा खटका पुढे जायच्या खुणेवर होता. ब्रेकवर पाय होता. अकरा बेचाळीसला पाय उचलला गेला आणि गाडी पुढे सरकली, अशी गाडी सरकतेच, तिने सांगितलेलं काम केलं. आपोआप काहीही झालेलं नाही.

मग चूक कुणाची? बत्तीस वर्षांचा मेकॅनिक, चालू गाडीच्या तोंडाशी हात ठेवून वाकतो, आणि गाडी बंद आहे का एवढं विचारत नाही? नव्या गाडीबद्दल तुला आकस होता, म्हणून तू तिला गाडीच मानलं नाहीस आणि जी काळजी तू भंगारातल्या स्कूटरची घेतोस तीही घेतली नाहीस. वर खापर गाडीवर. नोंदीची प्रत मी पेपरवाल्याला पाठवलीय. महिनाअखेर छापून येईल. बाबांना तेही पान उघडून दाखव.

तुझी, नाइलाजाने,
धाकटी

८ एप्रिल

धाकटे,

डाव्या हाताने लिहितोय. जास्त जमत नाही.

मी विचारलं होतं.

सीटवर तू होतीस. काय म्हणालीस ते आठव.

दादा

११ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू?

मी गप्प म्हणाले.

तुझं पत्र हातात घेऊन दारातच खाली बसले आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. तू वाकलास, सवयीने विचारलंस, गप्प का, आणि मी सीटवर होते. त्या गॅरेजमध्ये, गाडीच्या सीटवर, आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडे बाबा खुर्चीत बसून बघत होते. तो शब्द तेहेतीस वर्षं माझ्या तोंडात होता, दादा. मी तो म्हणाले. चांगला मोठ्याने म्हणाले, बाबांना ऐकू जावा म्हणून. बाबांच्या कानांना आता मोठा आवाजही लांबून नीट ऐकू येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आणि गाडीचा आवाज नव्हता ना. आपल्या घरात आवाज नाही म्हणजे बंद. महिनाभर मी ती गाडी चालवत होते, रोज अकरा घरांपुढे न चुकता बटण दाबून ती बंद करत होते. एकदाही विसरले नाही. त्या दारातून आत आले आणि मी दहा वर्षांची झाले. कानांनी सांगितलं बंद आहे, मी म्हणाले बंद आहे, आणि पाय उचलला. नंतर तू ओरडलास आणि त्याच्या आधीचं सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. खोटं सांगत नाही. तुला ते पत्र लिहिलं तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं. आता वाटतं, मी आठवायचं टाळत होते.

पेपरवाल्याला कळवून नोंद छापणं थांबवलंय. पण माझा राग गेलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदललाय. तुला माहीत होतं. पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मग माझ्या चुकीवर परस्पर पांघरूण घालणारा तू कोण? मी तुला नाही नाही ते लिहिलं, आणि तू ते मुकाट वाचत बसलास. मला साधी एक कानफटात मारायची होतीस. मला हाकललंस कशाला, आणि वर गाडी आपोआप चालल्याची थाप कशाला?

सोबत एक चिठ्ठी आहे, बाबांसाठी. त्यांना दे. त्यात जे झालं ते सगळं लिहिलंय. ती तू दाबून ठेवलीस तर मी स्वतः येऊन त्यांच्या कानात ओरडून सांगेन.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही.
धाकटी

१९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (डाव्या हाताचे. अक्षराला हसू नकोस. तुझ्या वहिनीने मजकूर उतरवून देते म्हटलं, मी नको म्हणालो. हे पत्र लिहायला मला चार दिवस लागलेत.)

हॉस्पिटलमधून हाकललं कारण बाबा रिक्षातून उतरत होते. तुझं तोंड मला माहीत आहे. त्यांना बघताच आठवलं असतं आणि सगळं ओकून मोकळी झाली असतीस. थाप मारली कारण दुसरं काही सुचलं नाही. पेपरवाल्याला आयतं काहीतरी हवंच होतं. तुझी घरं जातील हे माझ्या डोक्यात आलं नाही, ती माझी चूक. ती थाप खोटी होती असं मी त्याला लेखी दिलंय, तुझं नाव न घेता. तुझ्या साहेबांना त्याची प्रत दे.

मी रागावलोय का, असं तू विचारत नाहीस, ते बरं करतेस. सकाळी दाढी करताना रागावतो. बूट घालताना रागावतो. काल आडत्याच्या ट्रकचा आवाज रस्त्यावरून आला, पंप गेलाय हे मला बसल्या जागी कळलं, आणि आता तो पंप मी काढू शकणार नाही म्हणून इतका रागावलो की ताट ढकलून उठलो. तुझ्यावर, माझ्यावर, त्या मुक्या गाडीवर, सगळ्यांवर. हा राग लवकर जायचा नाही. मी तसं ढोंगही करणार नाही.

सोमवारी तुझी सुट्टी असते. सोमवारी ये. त्या दोन गाड्यांचे मालक आता चिडलेत आणि ते बरोबर आहेत. कुठला पाना कुठे लावायचा ते मी सांगेन, जोर तू लाव. कंपनीच्या वर्कशॉपमधून त्या गाडीचं पुस्तक मिळत असेल तर घेऊन ये. न समजता हात घालायचे दिवस संपले, एवढं मला दोन बोटांनी शिकवलं.

चिठ्ठी मी दोन दिवस खिशात ठेवली होती. मग बाबांना वाचून दाखवली, मोठ्याने, दोनदा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले ते तेच, ज्याच्या भीतीने मी महिनाभर खोटं बोललो. म्हणाले की बघ, म्हणून मी पोरीला कधी सीटवर बसू दिलं नाही.

धाकटे, मी पन्नास वर्षांचा आहे आणि त्यांना कधी उलट बोललेलो नाही. पण परवा बोललो. मी म्हटलं की बाबा, तुम्ही तिला दहाव्या वर्षी बसू दिलं असतं तर ही चूक तिने दहाव्या वर्षी केली असती, एखाद्या भंगार स्कूटरवर, आणि चार फटके खाऊन ती पुन्हा कधी चुकली नसती. तुम्ही तिला चुकू दिलं नाहीत. तिची पहिली चूक माझ्या हातावर झाली. आणि त्या दिवशी मी हसलो होतो, त्याचंही हे फळ मिळालं.

बाबा उठले आणि गॅरेजचं शटर उघडायला गेले. त्यांना ते उचललं नाही. मी गेलो, एका हाताने मलाही उचललं नाही. आम्ही दोघं बंद शटरपुढे उभे राहिलो, आणि मग बाबांनी मला विचारलं की ती किती वाजता येते.

माया तेवढीच आहे, रागही तेवढाच आहे, दोन्ही घ्यायला ये.
दादा