आपल्या कळपाचे लसीकरण पूर्ण झाले आहे

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी इथे हिंगोलीकडे, गोरेगावच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की तुमचं कौतुक ऐकून घ्यावं लागतं. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही लस टोचायचात, डॉक्टर नव्हतात, पण मेंढपाळांच्या तोंडी शेवटपर्यंत डाक्टरसायेबच राहिलात. कोणता कळप कोणत्या महिन्यात कुठल्या शिवारात बसलेला असेल, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. वारंगा फाट्यावर चहाला थांबलात तरी कुणाची मेंढरं इकडून गेली, एवढं विचारूनच उठायचात. घरी मात्र आमच्याशी बोलायला तुमच्याकडे शब्द नसायचे.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. मी आठवीत आहे. अक्षर चांगलं म्हणून लसीकरणाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही जेवता जेवता गाव, मालक, मेंढरं सांगता आणि मी लिहून घेते. त्या दिवशी मी उद्याच्या गावाची ओळही आजच भरून ठेवते, तुमचं काम हलकं व्हावं म्हणून. तुम्ही ती पाहता आणि ताट बाजूला सारता. "मेंढरं पाह्यली का तू?" "न्हाई." "मंग काहून लिव्हलं?" शेजारची बाई उंबऱ्यात उभी आहे, तिच्यादेखत तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेता. "हिच्या हातचं एक अक्षर नको आता मला," हे आईला सांगता, मला नाही. ते रजिस्टर पुन्हा कधी माझ्याकडे आलं नाही. चूक माझी होती, कबूल आहे. पण तेरा वर्षांच्या पोरीला ती समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

पुढे शिकले आणि हिंगोलीतच नोकरीला लागले. एक संस्था गावोगाव मेंढ्यांना लस टोचते, तिची कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. तुम्हाला कळेल असं सांगते. पडद्यावर चौकोन मांडायचे. एकेक चौकोन म्हणजे एकेक काम: कळपाची तारीख ठरव, लस टोचली की नोंद पूर्ण कर, मालकाला तसा निरोप धाड. ते बाणांनी जोडायचे आणि व्हॅलिडेट करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच सगळी जोडणी तपासतं. चुकलं असेल तिथे लाल खूण, शंका असेल तिथे पिवळी. मग कंपाइल, म्हणजे सगळ्या चौकोनांचं मिळून एक चालतं काम बनवायचं. शेवटी शेड्यूल: दर सोमवारी सकाळी नऊला ते आपलं आपण सुरू होतं, ऑफिसात कुणी असो वा नसो. मला हे काम आवडतं, अण्णा. इथे कुणी ताट सारत नाही.

तुमच्या डोक्यात कळपांच्या वाटा होत्या, त्या तुम्ही कुठेच लिहून ठेवल्या नाहीत. बरोबर घेऊन गेलात. माझ्या हाती फक्त गावाचं नाव आणि फोन नंबर. तरी सुरुवातीला मी एक चौकोन घातला होता: टोचणाऱ्याने "टोचली" असं कळवल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही. टोचणारे कळवायचेच नाहीत. नोंदी तुंबल्या, मला वरून बोलणी बसू लागली. शेवटी मी तो चौकोन काढला आणि नियम घातला, की ठरल्या तारखेनंतर सात दिवसांत तक्रार आली नाही तर लस टोचली असं धरायचं. व्हॅलिडेट केलं तेव्हा पिवळी खूण आली, या नोंदीला कुणाचा दुजोरा नाही म्हणून. मी "दुर्लक्ष करा" दाबलं. कंपाइल झालं, शेड्यूल झालं, साहेब खूश झाले.

मागच्या महिन्यात गोरेगावकडचा एक म्हातारा ऑफिसात आला. उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ कळप घेऊन फिरतीवर असतो, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत. म्हातारा कोकरं आणि फोन घेऊन घरी. आमचा माणूस ठरल्या दिवशी गावात गेला होता, आणि कळप नाही म्हणून तसाच परत आला होता, नेहमीसारखं काही न कळवता. सात दिवस तक्रार आली नाही, म्हणून त्यानंतरच्या सोमवारी नऊला म्हाताऱ्याच्या फोनवर निरोप गेला, आपल्या कळपाचे लसीकरण पूर्ण झाले आहे.

"सुनंनं वाचून दावला," तो सांगत होता. "म्या म्हनलं, धाकट्याला वाटंतच गाठून टोचलं आसंल."

"भाऊ परत आल्यावर त्यांना विचारलं नाही?"

"काहून इचारावं? निरोप आला व्हता ना."

परतलेल्या कळपाने पावसाचं नवं कोवळं गवत खाल्लं आणि आंत्रविषाराने चार दिवसांत एकोणीस मेंढरं पडली. ही लस त्याचसाठी असते, हे तुमच्या घरात वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. तो भांडायला आलाच नव्हता. टोचूनसुद्धा मेंढरं कशी मेली, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी पाणी दिलं तेव्हा त्याने निरखून पाहिलं. "डाक्टरसायबाची पोरगी व्हय तू?" मी मान हलवली. "मंग तुह्या हातून न्हाई चुकायचं. आमच्याच हातून काही झालं आसंल, बाई." असं म्हणून तो जीप पकडायला गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून त्याची उरलेली मेंढरं टोचून घेतली. दुसरा डोस आहे असं सांगायला लावलं. त्याबद्दल तो मला दुवा देतो म्हणे. अहवालात मी लिहिलं, पशुपालकाने वेळेत संपर्क साधला नाही. तुमच्या चांगल्या नावाआड लपून मी सुटले, आणि ते नाव अजून इतकं चांगलं आहे याचाच मला संताप येतो. काढलेला चौकोन मी परत जोडलेला नाही. जोडला तर आधी का काढला होता, ते सांगावं लागेल. दर सोमवारी नऊला निरोप जातच आहेत.

हे सगळं खरं तर त्या म्हाताऱ्याला लिहायला हवं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि सून त्याला वाचून दाखवेल. म्हणूनच तुम्हाला लिहिलं.