एलियाहूची खुर्ची

नागपूर, सोमवार, ४ नोव्हेंबर १९६८

शमुवेलदादास सिपोराचा शालोम.

एस्तेरच्या सातव्या महिन्यापासून लिहिते आहे, नागपुरात आपला हजान नाही, सुंतेसाठी मुंबईहून पाठव. तू काय लिहिलंस? "आधी मुलगा होतो की मुलगी, ते बघू." बघ आता. काल सकाळी तुझ्या भाचीला मुलगा झाला.

पाच पौंडांचा आहे. आवाज बारीक, पण दूध नेटाने ओढतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठव्या दिवशी, म्हणजे रविवारी, सुंतेला हरकत नाही. तू काळजी करू नको. आधीची दोन बाळं गेली, म्हणून एस्तेर याला खाली ठेवतच नाही, एवढंच. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नाबीसाठी रिकामी ठेवायची खुर्ची शेजारच्या चंद्रभागाने दिली, आमची डुगडुगते. विचारते, "कोणी बसत नाही, तं मांडता काहून वं?" म्हटलं, "जगाचं दुःख संपणार ही बातमी घेऊन आमचा हा संदेष्टा यायचाय. आल्यावर उभा ठेवू?" ती घरी गेली आणि नवी उशी घेऊन आली.

शनिवारचा शब्बाथ आदल्या संध्याकाळीच लागतो, मग हजान गाडीत बसणार नाही. तेव्हा शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तो इथे हवा. येतो की नाही, गुरुवारी दुपारपर्यंत तार कर.

तुझी सिपोरा